चांद्याच्या रानातील बालपुस्तके

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, म्हणजे १५ ऑक्टोबर, महाराष्ट्रातील शाळांतून २०१५ पासून 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होतो. काही वर्षांपूर्वी त्या दिवशी गडचिरोली जिल्ह्यातील आमच्या धर्मग्रामाच्या हद्दीतील एका लहानशा प्राथमिक शाळेत जाण्याचा योग आम्हांस आला. धान लोंबीवर आले होते. शाळेच्या पडवीत दोन खांबांना सुतळी बांधून, घरोघरी कपडे वाळत घालतात तशी तीस-चाळीस पुस्तके टांगली होती. खाली मुले बसली होती. दुसरीतल्या एका मुलीने वाघाचे चित्र असलेले पुस्तक काढले आणि आपल्याहून लहान तिघांना समोर घेऊन ती ते वाचून दाखवू लागली. तिचे बोट चित्रावरून फिरत होते, तोंडी मात्र अखंड माडिया बोली चालली होती. गुरुजी संकोचून म्हणाले, "फादर, ती पुस्तकातलं वाचत नाही. मनचं सांगते."

आम्ही चौथीतल्या एका मुलास ती काय सांगते ते विचारले. गेल्या पावसाळ्यात तिच्या मामाच्या खोपटातून वाघाने डुक्कर नेले होते. मामाने ढोल बडवला, कुत्री भुंकली, आजीने चुलीतले जळते लाकूड फेकले, आणि तरीही वाघ डुक्कर घेऊन गेला. पुस्तकातील वाघ मात्र एका ब्राह्मणास सोन्याचे कडे दाखवीत होता. हितोपदेशाच्या परंपरेतील ती कथा अनेक शतकांची वाट चालून त्या सुतळीवर येऊन बसली होती, आणि तिच्या चित्राखाली मामाचे डुक्कर गेले होते.

त्या दिवसापासून एक प्रश्न आमच्या मनातून जात नाही. या रानात पुस्तक कोणत्या वाटेने आले, आणि त्या मुलीची गोष्ट त्याच वाटेने उलट बाहेर का जाऊ शकली नाही? वाचकहो, हा लेख त्या प्रश्नाच्या मागे मागे केलेला प्रवास आहे.

आज ज्यास आपण चंद्रपूर आणि गडचिरोली म्हणतो तो सारा मुलूख २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकच जिल्हा होता, आणि जुन्या कागदोपत्री त्याचे नाव चांदा. येथे गोंड राजांची राजधानी होती, पुढे नागपूरकर भोसल्यांचा अंमल आला, १८५४ साली इंग्रजांचा. घाटावरच्या वाचकास हा मराठी मुलूख वाटतो. तो आहेही, पण केवळ मराठी नाही. भामरागड-एटापल्लीकडे माडिया, अनेक तालुक्यांत गोंडी, सिरोंच्याकडे तेलुगू, कोरचीच्या बाजूस छत्तीसगढी, आणि पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या वसाहतींतून बंगाली. मराठी बोलणाऱ्यांचीही घरातील बोली झाडीबोली. ती पाठ्यपुस्तकातील मराठीहून बरीच निराळी. म्हणजे पहिलीच्या वर्गात बसणारे येथील बहुतेक मूल पुस्तक उघडताच परक्याच्या दारी उभे राहते.

या रानातील लोकांपाशी गोष्टींची वाण होती असे मात्र कोणी समजू नये. गोंडांचे परधान गायक आपल्या यजमानांच्या दारी देवांच्या आणि पूर्वजांच्या कथा पिढ्यान् पिढ्या गात आले. त्यांपैकी लिंगोची कथा कागदावर आणली ती एका ख्रिस्ती मिशनऱ्याने. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आले. शाळा चालवता चालवता दगड, जीवाश्म आणि माणसे या तिन्हींचा त्यांनी सारख्याच आस्थेने अभ्यास केला. ४ सप्टेंबर १८६३ रोजी प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना ते पाण्यात बुडून मरण पावले. त्यांची टिपणे मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केली. त्यांत लिंगोचे दीर्घ काव्य गोंडी शब्दांसह आहे.

त्यातील एक प्रसंग आम्हांस फार आवडतो. भावांना विस्तव हवा आहे आणि विस्तव आहे रिकाड गवडी नावाच्या भयंकर म्हाताऱ्याच्या शेतावर. धाकटा भाऊ चोरायला जातो आणि म्हातारा जागा होताच जीव घेऊन पळत सुटतो. मग लिंगो स्वतः जातो. तो भोपळ्याचे तंतुवाद्य करतो, झाडावर चढून बसतो आणि असे काही वाजवतो की म्हातारा आणि म्हातारी सगळे विसरून नाचू लागतात. राक्षसाला न मारता नाचायला लावणारा हा नायक! कोणत्याही देशातील बालवाङ्मयाने मिरवावी अशी ही कथा. पण १८६६ चे ते पुस्तक विद्वानांसाठी होते, गोंडी शब्द रोमन लिपीत आणि अर्थ इंग्रजीत. ज्यांची कथा त्यांच्या लेकरांपर्यंत ते जावे हा हेतूच त्यात नव्हता. गोष्ट रानातून निघाली ती ग्रंथालयात गेली.

चाळीस वर्षांनी याच्या उलट गंमत झाली. जॉर्ज ग्रियर्सन यांनी हिंदुस्थानातील भाषांचे जे प्रचंड सर्वेक्षण केले त्याचा चौथा खंड १९०६ साली निघाला. द्राविडी भाषांबरोबर गोंडीचे वर्णन त्यातच आहे. प्रत्येक भाषेचा नमुना म्हणून एकच मजकूर सर्वांकडून भाषांतरित करून घेतला होता. तो कोणता? आपल्या प्रभूने सांगितलेला उधळ्या पुत्राचा दाखला. त्या छोट्या कथेत तिन्ही पुरुषांची सर्वनामे, बहुतेक विभक्ती आणि क्रियापदाचे सारे काळ सापडतात म्हणून ग्रियर्सननी ती निवडली; हिंदुस्थानी मनास खटकू नये म्हणून तिच्यात थोडे शाब्दिक फेरफारही केले. मेजवानीसाठी वासरू मारण्याचा उल्लेख खटकेल हे त्यांच्या ध्यानी आले. डुकरांचे तसे नाही. मुलगा डुकरे राखू लागला, त्यांची टरफले खाऊन पोट भरावेसे त्यास वाटले, यात यहुदी श्रोत्यास अधोगतीची परिसीमा दिसे. माडिया घरात डुक्कर हे धन आहे. वाघाने ते नेले तर मूल त्याची हकीगत गावभर सांगते. डुकरे राखायला मिळाली यात त्या पोराचे बिघडले काय, असे येथील मुलाने विचारले तर उत्तर देताना धर्मगुरूची तारांबळ उडेल. आमची एकदा उडाली आहे.

उपहासासाठी आम्ही हे सांगत नाही. गोष्ट परकी असली की तिचा अर्थही अर्ध्या वाटेत सांडतो, एवढेच येथे दिसते. आणि हे केवळ रानातल्या मुलांच्या वाट्यास आले असेही नाही. मराठी बालकाचे पहिले छापील पुस्तक तरी कोठले? श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात १८१४-१५ च्या सुमारास 'सिंहासनबत्तिशी' आणि 'पंचतंत्र' मराठीत छापले गेले ते मोडी लिपीत, आणि मुख्यतः कंपनीच्या साहेबांस मराठी यावे म्हणून. मुंबईस सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ मध्ये 'बाळमित्र' काढले. ते बेर्कँ या फ्रेंच लेखकाच्या पुस्तकावरून, तेही इंग्रजीच्या वाटेने. त्याच वर्षी इसापाच्या गोष्टी आल्या. म्हणजे पुण्यामुंबईच्या मुलाच्या हाती पहिल्याने पडलेली मुलेही परक्या घरची होती. अमेरिकन मराठी मिशनचे 'बालबोधमेवा' मासिक १८७३ साली निघाले, विनायक कोंडदेव ओक यांचे 'बालबोध' १८८१ साली, वासुदेव गोविंद आपटे यांचे 'आनंद' १९०६ साली. हळूहळू अंगणातला पारिजात, आईची हाक, गावची जत्रा पानावर उतरू लागली.

या घडणीत आपल्या ख्रिस्ती समाजाचा वाटा लहान नाही. 'फुलामुलांचे कवी' म्हणून ज्यांची ओळख ते रेव्हरंड नारायण वामन टिळक काही काळ नागपुरास होते, आणि राजनांदगावकडे जाताना आगगाडीत भेटलेल्या मिशनऱ्याने दिलेला नवा करार त्यांच्या हाती पडला तो याच विदर्भाच्या वाटेवर. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पंथाने ते आपल्याहून निराळे, पण मुलांसाठी कविता लिहिताना त्यांनी मुलास खाली बसवून वर उपदेश केला नाही. ते स्वतः खाली बसले. म्हणून त्यांच्या कविता क्रमिक पुस्तकांतून घरोघर गेल्या. 'बाळमित्रा'पासून टिळकांपर्यंत मराठीस अनुवादाकडून स्वतःच्या शब्दाकडे यायला सहा-सात दशके लागली. गोंडी-माडियाची ती घडी अजून यायची आहे, इतकेच आम्ही म्हणू. ती येणारच नाही असे मानण्यास काही आधार नाही.

चांद्याच्या शाळांचा सरकारी इतिहास थोडक्यात आटोपतो, कारण पुस्तकाच्या दृष्टीने त्यात फारसे हाती लागत नाही. शेजारच्या वर्ध्यास ऑक्टोबर १९३७ मध्ये शिक्षण परिषद भरली आणि 'नई तालीम' जन्मास आली. हातास काम आणि शिक्षण मातृभाषेतून, हा तिचा आग्रह होता. टकळी शाळाशाळांतून फिरली. मातृभाषा म्हणजे गोंडीही असू शकते हे मात्र कोणाच्या फारसे ध्यानी आले नाही. स्वातंत्र्यानंतर १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. त्याच सातव्या घटनादुरुस्तीने संविधानात ३५०-अ हे कलम घातले गेले. भाषिक अल्पसंख्य समाजाच्या मुलांस प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची सोय राज्यांनी करावी, असे ते सांगते. मराठी भाषकांस मराठी राज्य मिळण्याच्या वाटेवरचे हे पाऊल आणि हे वचन, दोन्ही एकाच दिवशी अमलात आले. पहिल्याचा उत्सव झाला. दुसऱ्याची आठवण चांद्याच्या रानात कोणास राहिली?

पुढे पुस्तके आली, नाही असे नाही. 'बालभारती'ची स्थापना २७ जानेवारी १९६७ रोजी झाली आणि १९७१ च्या बालदिनी तिचे 'किशोर' मासिक निघाले; उत्तम चित्रकारांच्या रेषा त्यातून खेड्यातील मुलांनी प्रथम पाहिल्या. 'खडू-फळा मोहीम' १९८७-८८ मध्ये सुरू झाली तेव्हा शाळाशाळांतून लोखंडी पेट्यांत गोष्टींची पुस्तके पोचली. त्या पेट्यांना कुलूप होते. पुस्तक फाटले वा हरवले तर जाब द्यावा लागेल, या भयाने किल्ली बहुधा हेडमास्तरांच्या खिशात राही. त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. तसे का, ते आता सांगणे भाग आहे.

चांदा धर्मप्रांताची कथा वाचकांपैकी काहींस ठाऊक असेल. हा भाग नागपूरच्या महाधर्मप्रांतातून वेगळा काढून १९६२ साली सीरो-मलबार परंपरेतील सी. एम. आय. संघाच्या धर्मगुरूंकडे सोपवला गेला; १९७७ साली तो पूर्ण धर्मप्रांत झाला. या संघाचे एक संस्थापक संत कुरियाकोस एलियास चावरा. छापखाना कसा असतो हे नीट पाहण्याची सोय नसता त्यांनी केळीच्या खांबाचा नमुना करवून घेतला, त्यावरून लाकडी यंत्र उभे केले आणि १८४६ साली केरळात मान्नानम येथे छापखाना सुरू केला. १८६४ साली चर्चगणिक शाळा हवी असा हुकूम त्यांनी काढला. शाळा आणि छापखाना या दोन गोष्टी त्यांच्या मनात वेगळ्या नव्हत्या. केळीच्या खांबापासून सुरुवात करणाऱ्या त्या संताचे वारसदार या रानात आले तेव्हा त्यांनी शाळा काढल्या, वसतिगृहे उभारली, रोग्यांची सेवा केली. छापखान्याचा वारसा आम्ही सर्वांनी थोडा विसरलो. 'आम्ही' म्हणताना येथे आम्ही स्वतःस पहिले धरतो.

पंचवीस वर्षांपूर्वी, नुकता गुरुदीक्षाविधी झालेला असताना, आमच्याकडे मुलांच्या एका लहान वसतिगृहाची देखरेख आली. नाताळच्या सुमारास मुंबईकडील काही सहृदय कुटुंबांनी दोन खोके भरून गोष्टींची पुस्तके पाठवली. आम्ही ती वहीत नोंदवली, प्रत्येकावर शिक्का मारला, काचेच्या कपाटात लावली आणि किल्ली स्वतःपाशी ठेवली. रविवारी मिस्सानंतर तासभर कपाट उघडत असे. सेमिनरीत ग्रंथालयाची जी शिस्त शिकलो तीच आम्हांस ठाऊक होती. एके रविवारी मोजणीत एक पुस्तक कमी आले. आम्ही सर्व मुलांस उभे केले. एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा मान खाली घालून राहिला, बोलला नाही. आम्ही त्यास मारले नाही, पण जे बोललो ते मारण्याहून बरे नव्हते. सुट्टीत घरी गेला तो परतला नाही.

काही महिन्यांनी बाजाराच्या दिवशी त्याची आत्या वसतिगृहाच्या दारी आली. लुगड्याच्या फडक्यात बांधून तिने ते पुस्तक आणले होते. बापास चित्रे दाखवावी म्हणून मुलाने ते नेले होते, असे तिने मोडक्या मराठीत सांगितले. पुस्तक फाटले नव्हते. मागच्या दोन कोऱ्या पानांवर आणि जागा मिळेल तेथे समासांत कोळशाने चित्रे काढली होती. ढोल होता, कोंबड्यांची झुंज होती, गळ्यात माळा घातलेल्या बायांची रांग होती, आणि एका पानाच्या कडेस पांढरा झगा घातलेला उंच माणूस, ज्याच्या हातात भली मोठी किल्ली होती. ते पुस्तक आजही आमच्यापाशी आहे. आम्ही त्याच्या गावी दोनदा गेलो. बाप कामासाठी सीमेपलीकडे गेला होता आणि मुलगा त्याच्याबरोबर. तो पुढे शाळेत आला नाही.

मुलाची निर्मितिशीलता जागवावी कशी यावर हल्ली शिबिरे भरतात. ती जागीच होती, समासात जागा शोधत होती, हे आम्हांस त्या कोळशाने शिकवले.

याच जिल्ह्यात दुसरे उदाहरणही घडत होते. बाबा आमटे यांनी डिसेंबर १९७३ मध्ये भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. १९७६ साली तेथे शाळा निघाली. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी आधी काय केले असेल, तर माडिया भाषा शिकून घेतली. दवाखान्यात रोग्याचे ऐकण्यास जी भाषा हवी तीच वर्गातही हवी, हे त्यांस पुस्तकातून शिकावे लागले नाही. त्या शाळेतून पुढे शिक्षक, डॉक्टर, वकील झाले. एका साध्या शब्दाने अडचण किती मोठी होते पाहा. माडिया मुलास 'नार' म्हणजे गाव. मराठी वाचनमालेत 'नार' म्हणजे स्त्री. त्यास 'येर' म्हणजे पाणी. मराठीत तो शब्द कोशातही धुंडाळावा लागतो. गुरुजीस ही दोन्ही घरे ठाऊक असली तर मूल हसते आणि शिकते. नसली तर गप्प बसते, आणि तपासणीच्या शेऱ्यात 'प्रगती मंद' असे लिहिले जाते.

गेल्या काही वर्षांत वारे थोडे फिरले आहे. बालकांच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवा असे म्हणतो आणि प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवे असेही सांगतो. २०११ च्या जनगणनेत सुमारे ३० लाख लोकांनी गोंडी ही आपली भाषा नोंदवली. तरी आठव्या अनुसूचीत तिला स्थान नाही. 'सीजीनेट स्वर' या संस्थेने 'प्रथम बुक्स'च्या साहाय्याने मुलांच्या अनेक गोष्टी गोंडीत आणल्या. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने तर २०१९ साली गोंडी माध्यमाची स्वतःची शाळा काढली आणि तिला 'गोटुल' हेच नाव जोडले. ज्या गोटुलात तरुण पोरे नाचगाणे, कामधंदा आणि रीतभात शिकत त्याचे नाव शाळेस देणे, यात केवढी कल्पकता आहे! शासनाच्या शिक्षण विभागाने ही शाळा अनधिकृत ठरवली आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले. कायद्याची बाजू वकील जाणोत. लोकांनी आपल्या खर्चाने आपल्या भाषेची शाळा काढावी आणि ती बेकायदा ठरावी, हे ३५०-अ कलम लिहिणाऱ्यांस स्वप्नातही सुचले नसेल, एवढे मात्र आम्ही म्हणणार.

अनुवादांचे आम्ही स्वागत करतो. 'बाळमित्रा'वाचून टिळक झाले नसते. पण अनुवादात गोष्ट पुन्हा बाहेरूनच आत येते. उलट वाटेसाठी छापखाना लागतोच असे नाही. मराठी शाळांतून हस्तलिखित काढण्याची प्रथा जुनी आहे, आणि तिला लागतात चार कोरे कागद, शाई आणि लिहून घेणारा कान. झाडीपट्टीत धानाची कापणी झाली की नाटकांचा हंगाम सुरू होतो. रात्रभर बापाच्या मांडीवर बसून मुले दंडार आणि नाटके पाहतात, आणि सकाळी अंगणात त्यांची नक्कल करतात. या रंगभूमीवरील परशुराम खुणे यांस २०२३ साली पद्मश्री मिळाली. सकाळची ती अंगणातील नक्कल कोणी लिहून घेतली आहे काय?

वाघाची गोष्ट सांगणाऱ्या त्या मुलीकडे आम्ही पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. गुरुजींस आमची कल्पना पटली होती. चौथीतला मुलगा लेखनिक झाला. ती सांगे, तो देवनागरीत माडिया शब्द लिही आणि खाली मराठी. मामा, ढोल, कुत्री इथवर ठीक चालले. आजीने जळते लाकूड फेकले तो आवाज कसा लिहावा यावर दोघांचे जमेना. त्याने लिहिले ते तिने तीनदा खोडायला लावले. अखेर तिनेच पेन्सिल घेतली आणि त्या जागी एक वेडीवाकडी, कागद फाटेपर्यंत दाबून काढलेली रेघ ओढली. गुरुजी म्हणाले, "हे वाचायचं कसं?" तिने वाचून दाखवले, आणि पडवीतली सगळी मुले दचकली.

त्या हस्तलिखिताची आठ पाने झाली. ते आता त्याच सुतळीवर, सोन्याच्या कड्याच्या वाघाशेजारी टांगलेले असते. त्याची एक प्रत आम्ही मागितली तेव्हा गुरुजींनी वहीत आमचे नाव लिहून घेतले आणि परत कधी करणार ते विचारले.